मॅडमचा हात

आमच्या मॅडम भर रस्त्यात पुरुषांना शर्ट वर करायला लावायच्या. हसू नका, खरं सांगतेय. सकाळी कुरुळी फाट्यावर कंपन्यांच्या बसची वाट बघत पोरं उभी असायची, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा, आणि मॅडमची जुनी गाडी तिथं करकचून थांबायची. काच खाली व्हायची. "ए, आतडंवाल्या! इकडं ये. कर वर." सगळ्यांचे शर्ट निळे, तरी ज्याला हाक मारली त्याला बरोबर कळायचं. तो बिचारा मित्रांसमोर पोट उघडं करून उभा राहायचा आणि मॅडम गाडीतूनच हात बाहेर काढून जखमेच्या कडेनं बोटं दाबत जायच्या. दुखतंय का, पाणी येतं का, जड उचलतोस का. मागं कंटेनरवाले हॉर्न वाजवून बेजार. मॅडम त्यांच्याकडं बघायच्यासुद्धा नाहीत.

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, पोटं राहायची. एकदा मी म्हटलं, "मॅडम, अहो, लाजतात ती पोरं. ओपीडीत बोलवा की." तर म्हणाल्या, "ओपीडीत येतो तो सुट्टी टाकून, आंघोळ करून, चेहरा पाडून येतो. मला कामावर निघालेला माणूस बघायचाय. टाके काढले म्हणजे ऑपरेशन झालं होय गं? तो डबा घेऊन गाडीत चढला की झालं."

मी त्यांच्याकडं थिएटर सिस्टर होते. चाकण चौकापासून आत गेलं की आमचं छोटं हॉस्पिटल. मी मूळची लातूरकडची, तोंडानं फटकळ, आणि मॅडम माझ्याहून फटकळ. पहिल्या आठवड्यातच आमचं वाजलं. मी हत्यार द्यायला जरा उशीर केला तर म्हणाल्या, "झोप आली असेल तर उशी आणू का?" मी म्हटलं, "आणा, पण तुम्ही आधी नीट मागा. नुसता हात पुढं करता, मला काय स्वप्न पडतंय?" थिएटरमध्ये सगळे गार. मॅडम मास्कच्या आतून खो खो हसल्या आणि तेव्हापासून मी त्यांची झाले. पुढं पुढं तर त्यांना मागावंच लागायचं नाही. हात पुढं आला की त्याला काय हवंय ते माझ्या हाताला आपोआप कळायचं.

त्या चाकणच्याच. वडिलांची मार्केटात कांद्याची आडत. लिलावात शंभर माणसांच्या गोंगाटावर जाईल असा आवाज त्यांना घरातूनच मिळालेला. डॉक्टरांशी बोलताना पुण्याचं शुद्ध मराठी, आणि गावातली म्हातारी समोर आली की लगेच, "व्हय गं आज्जे, कुठं दुखतंय? न्हाई, मी काय खाणार न्हाई तुला." हाताखाली डॉक्टर इम्रान होता, चाकणमधल्याच एका टायरवाल्याचा मुलगा. शिकून सर्जन होऊन आला तरी मॅडमसाठी तो 'ए इम्रान'च. "ए इम्रान, हळू! जॅक लावतोयस का?" तो मान खाली घालून म्हणायचा, "सॉरी मॅडम." मॅडम म्हणायच्या, "मी कांदेवाल्याची, तू टायरवाल्याचा. आपल्याला लोक आधीच आडदांड समजतात. तू तरी हात हलका ठेव."

मग ती साथ आली. तुम्हाला काय सांगायचं ते दिवस, तुम्हीही काढलेत. सगळी ठरलेली ऑपरेशनं बंद झाली. पण अपेंडिक्सला काय माहीत साथ आलीय? हर्निया अडकायचा थांबतो होय? अशी पोटं येतच राहिली, आणि बरीचशी उशिरा, फार उशिरा आलेली. कुणी भीतीनं घरी बसून राहिलेलं, कुणी जागा शोधत दारोदार फिरलेलं. आमच्याकडं दुसरे सर्जन यायचे, त्यांचं वय झालेलं, साखरेचा त्रास, त्यांना मुलांनी घरी बसवलं. त्यांना मी बोल लावणार नाही. मॅडमनाही कुणी घरी बसवलं असतं, पण त्यांना बसवणारं कुणी जन्माला आलं नव्हतं.

प्लॅस्टिकचे ते कपडे चढवून आम्ही उभं राहायचो. घाम पायांत उतरायचा. ऑपरेशन चांगलं व्हायचं हो, पण त्यातल्या काहींना आत साथीचा आजार असायचा आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी श्वास लागायचा. मॅडम हताश होऊन म्हणायच्या, "माझे टाके धरतात गं मंगल, पण फुप्फुस धरत नाही." पेशंटला दुसऱ्याच दिवशी उठवून बसवायच्या, फुगे फुगवायला लावायच्या, चालवायच्या. मोठमोठी मिशीवाली माणसं कॉटवर बसून रंगीत फुगे फुगवतायत आणि मॅडम समोर कमरेवर हात ठेवून उभ्या, "अजून मोठा! पोराच्या वाढदिवसाला फुगवतोस तेव्हा बरी हवा येते!" पुष्कळ वाचले. काही गेले. गेल्याची बातमी त्या कधी सिस्टरकरवी सांगत नसत. स्वतः गेटपर्यंत चालत जायच्या. परत आल्या की पंख्याला धूळ का, बादली मधे का, म्हणून हॉस्पिटलभर बोलत सुटायच्या आणि आम्ही मुकाट ऐकून घ्यायचो. त्यांना कुणावर तरी ओरडल्याशिवाय श्वासच घेता येत नसे त्या वेळी.

दत्ता आला तो असाच. परभणीकडचा, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहणारा, पत्रे दाबून सुटे भाग करणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी. तेव्हा कंपनीच्या गेटवर कपाळाला बंदुकीसारखं ते यंत्र लावायचे. ताप दिसला की घरी पाठवायचे, आणि कंत्राटी माणूस एकदा घरी बसला की त्याच्या जागी दुसरा उभा. दत्ताच्या पोटात दुखायला लागलं, ताप यायला लागला. या पठ्ठ्यानं काय करावं? रोज बसमध्ये चढायच्या आधी तापाची आणि दुखण्याची गोळी घ्यायची, की गेटपर्यंत अंग थंड. त्या पट्ट्यातली निम्मी पोरं तेव्हा हेच करत होती. ताप उतरायचा, यंत्र त्याला आत सोडायचं, आणि इकडं अपेंडिक्स आत फुटून गेलेलं. शेवटी मशीनवरच कोसळला. कुठं जागा मिळेना म्हणून त्याची बायको रेखा त्याला टेम्पोत घालून आमच्या दारात घेऊन आली. पोट पाटासारखं कडक. तपासणी केली तर साथीचा आजारही निघाला.

भूलतज्ज्ञ म्हणाले, "मॅडम, हा टेबलवरच जाईल." मॅडम म्हणाल्या, "दारात ठेवला तर दारातच जाईल. टेबल बरं."

पोट उघडलं आणि मी इतकी वर्षं या कामात असून मला मान फिरवावीशी वाटली. आतड्याचा तुकडा सडला होता. मॅडमनी तो काढला, सगळं धुऊन काढलं. पण इतक्या पुवात दोन टोकं जोडली तर जोड सुटणार, म्हणून आतड्याचं एक टोक पोटावर बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी लावली. शी त्या पिशवीत यायची. पुढं सगळं निवळलं की दुसऱ्यांदा पोट उघडून टोकं जोडायची, असं ते असतं. दत्ता फार वाईट अवस्थेतून गेला, पण वाचला. इम्रान म्हणाला, "मॅडम, कमाल झाली." मॅडम म्हणाल्या, "कमाल नंतर कर, आधी त्याला फुगा दे."

वाचला खरा, पण पिशवी बघितली आणि दत्तानं भिंतीकडं तोंड केलं. जेवेना, बोलेना, सिस्टरला हात लावू देईना. फोनवर रेखाशी बोलायचं नाही म्हणाला. "मॅडम, कामून वाचवलं मला? असं हागतं पोट घिऊन मी कुठं जाऊ?" असं म्हणून इतका मोठा बाप्या हुंदके द्यायला लागला. मला वाटलं आता मॅडम ओरडणार. तर त्या शेजारी बसल्या, हातमोजे घातले आणि स्वतः त्याची पिशवी बदलायला लागल्या. सर्जननं पिशवी बदललेली मी तोवर बघितली नव्हती. हात चालूच, तोंडही चालू. "तू भाड्यानं राहतोस ना? ही पण भाडेकरू हाय. जागा मागितली की सोडंल. मीच हिला इथं ठेवलंय, मीच काढणार. माझा शब्द हाय." दत्तानं भिंतीकडनं तोंड वळवलं. "तुमीच काढणार ना?" "मी न्हाई तर कोण? आता बघ नीट, ही अशी चिकटवायची. उद्या तू करायचं."

घरी गेला, पण काम गेलं. पिशवीवाल्याला प्रेस शॉपमध्ये कोण उभं करणार? रेखा एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायला लागली आणि हा घरात. चार लोकांत बसायचा नाही, वास येईल म्हणून. पोरीला मांडीवर घ्यायचा नाही. ठरलेली ऑपरेशनं सुरू व्हायची वाट बघत एकेक महिना ढकलत होता. मॅडमनी शब्द दिलाय, या एका गोष्टीवर तो गडी उभा होता.

आणि नेमक्या मॅडमच आजारी पडल्या. पिंपरीच्या एका मोठ्या हॉस्पिटलात खूप दिवस ऑक्सिजनवर होत्या. आमचं हॉस्पिटल एवढंसं झालं हो. इम्रान सगळं ओढत होता, पण कुणी ओरडणारं नसलं की कामाला चव राहत नाही. दत्ता दर दोन-तीन दिवसांनी गेटवर यायचा. पिशवीचं नावही काढायचा नाही. "सिस्टर, मॅडम कशा हायत?" एवढंच विचारायचा आणि जायचा.

मॅडम परत आल्या त्या निम्म्या होऊन. आवाज घोगरा, जिना चढताना मधे थांबायच्या. पण आल्या! मी तर पेढे वाटले. माझं वेडीचं लक्षच नव्हतं, की आल्यापासून त्या थिएटरची पायरी चढत नव्हत्या. लहानसहान केस आली तरी, "इम्रान करेल." मला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल.

एके दुपारी मी कपडे बदलायच्या खोलीत गेले तर मॅडम कपाटाच्या मुठीला दोरा बांधत बसलेल्या. सर्जन शिकाऊ असतात तेव्हा अशाच गाठी मारायची सवय करतात, मुठीला, खुर्चीला, जे मिळेल त्याला. आमच्या मॅडम, ज्यांच्या गाठी बघायला पोरं लांबून यायची, त्या मुठीला गाठी मारत होत्या, आणि दोरा दरवेळी तुटत होता. खाली तुकड्यांचा ढीग. मला बघून लपवलं नाही त्यांनी. म्हणाल्या, "बोटांची टोकं गेली गं. आजारात गेली. दोरा किती ओढला ते कळतच नाही." मी म्हटलं, "येईल मॅडम, हळूहळू येईल." त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी वाकून तुकडे गोळा करायला लागले. खोटा धीर त्यांना कधीच सहन व्हायचा नाही.

त्यांनी दत्ताला आणि रेखाला बोलावून घेतलं. इम्रान होता, मी होते. मॅडमनी सरळ सांगितलं, "दत्ता, तुझी पिशवी आता काढायची. इम्रान सर काढतील." दत्ताचा चेहरा पडला. "सर चांगले हायत मॅडम. पण तुमी शब्द दिलाता." "दिलाता. पण माझा हात पहिल्यासारखा राहिला न्हाई." तर हा म्हणतो कसा, "मंग मी थांबतो. तुमचा हात बरा होईस्तोवर थांबतो. दोन वर्सं थांबतो. माझं पोट दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचं न्हाई." रेखा बिचारी पदराला डोळे पुसत होती, पण नवऱ्यापुढं बोलेना.

खरं सांगते, कुठल्याही सर्जनला हे ऐकून बरं वाटलं असतं. थांब म्हणाल्या असत्या, तर तो थांबला असता, आणि मॅडमचं मोठेपणही तसंच राहिलं असतं. मला वाटलं, त्या विरघळणार. पण त्यांनी साडीच्या पदराची पिन काढली आणि दत्ताकडं बघत, बोटाकडं ढुंकूनही न बघता, आपल्याच बोटाच्या टोकात खुपसली. रेखा ओरडली. रक्ताचा थेंब आला, खाली पडला, मॅडमची पापणी हलली नाही.

"बघितलंस? मला कळलंसुद्धा न्हाई. ह्या हातानं तुझं आतडं जोडू? जोड सुटला तर परत पू, परत तेच. माझ्या नावापायी तू पोरीला मांडीवर घ्यायचं न्हाईस आणि दोन वर्सं वाट बघायचीस? तसली भक्ती माझ्या दारात करायची न्हाई!" आवाज घोगरा होता, पण बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. दत्तानं खाली पडलेल्या रक्ताच्या थेंबाकडं बघितलं. मग म्हणाला, "मंग तुमी तिथं उभ्या राहा." मॅडम म्हणाल्या, "राहीन. हे मात्र राहीन."

ऑपरेशनच्या दिवशी आम्हाला वाटलं, मॅडम टेबलच्या डोक्याशी स्टुलावर बसतील, बघतील. पण त्यांनी सगळ्यांसारखे हात धुतले, गाऊन चढवला, हातमोजे घातले आणि आल्या त्या टेबलच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या. आमच्याकडं ऑपरेशन करणारा पेशंटच्या उजवीकडं उभा राहतो. समोर, डावीकडं, मदतनीस. जखमेच्या कडा हुकासारख्या हत्यारानं ओढून धरायच्या, दोरा कापायचा, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, एवढंच त्याचं काम. ते शिकाऊ पोरांचं काम असतं. इम्रानच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मॅडम, तुम्ही... असं नको, प्लीज." मॅडमनी हुक हातात घेतला. "सर, सुरू करा. पेशंट झोपलाय."

'सर.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि माझा हात! मेला तो हात माझं ऐकेना. इम्रानसरांनी मागितलं की मी हत्यार उचलायची आणि हात निघायचा तो मॅडमकडंच. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मॅडमनी कोपरानंच माझा हात हलका सरकवून दिला, सरांच्या बाजूला. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं नाक वाहताना सगळ्यांनी बघितलं असतं. पण त्यानंतर माझा हात चुकला नाही.

मॅडम एक शब्द बोलल्या नाहीत. आतडी एकमेकांना चिकटलेली, ती सोडवताना इम्रानसर एका जागी थांबले, वर बघितलं. आधीच्या मॅडम असत्या तर हातातलं काढून घेतलं असतं. या मॅडम फक्त हुक धरून उभ्या. सरांनी श्वास घेतला आणि वाट काढली. टोकं जोडून झाली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "मॅडम, जोड ठीक आहे ना?" मॅडम वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला दिसतोय चांगला. पण हाताला कळत नाही. तुमच्या हाताला कळतंय. तुम्ही सांगा." सरांनी दोन बोटांत जोड धरून पुन्हा तपासला, आणि त्यांचा आवाज बदलला. "ठीक आहे," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. मॅडमनी मान हलवली. "मग पुढं चला, सर."

जोड धरला. पोट चालू झालं, जखम भरली. पुढं दत्ता कामालाही लागला, पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर आला तेव्हा आम्ही तिघं कॉटशी उभे होतो. त्यानं आधी पोटावर हात फिरवला. पट्टी होती, पिशवी नव्हती. मग जड जिभेनं विचारलं, "मॅडम... तुमीच काढली ना?"

मला वाटलं, हो म्हणा हो मॅडम. भुलीत आहे तो, त्याला काय कळतंय? एक हो म्हणा. इम्रानसरही तेच म्हणत असावेत मनात, त्यांनी तर मान खाली घातली होती.

"न्हाई रं," मॅडम म्हणाल्या. "सरांनी काढली. लई झ्याक काढली. मी समोर नुसती उभी होते."

दत्ता हसला. डोळे मिटले होते. "तुमी व्हता ना तिथं? मंग झालं की."

मॅडम लगेच वळल्या आणि खिडकी कुणी उघडी ठेवली म्हणून ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. माझ्या खांद्यावर कपाळ टेकून रडल्या त्या, सगळ्या वॉर्डादेखत, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.